किती दिवसांत चालता येतं?

घोट्याच्या ऑपरेशननंतर किती दिवसांत चालता येतं, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. माझं ते झालेलं आहे. घोट्याचं ऑपरेशन करावं की नाही या विचारात पडलेलं कुणी ना कुणी मला गाठतंच. कधी शाळेत आलेले पालक, कधी अमळनेरच्या बसस्टँडवर भेटलेली ओळखीची बाई, कधी कबड्डी खेळणाऱ्या पोराची आई. "आते कसा शे पाय? दुखस का?" एवढी चौकशी झाली की खरा प्रश्न येतो: बाई, किती दिवसांत चालता येतं?

मी उलट विचारते, कुठलं चालणं? पलंगापासून मोरीपर्यंतचं, शाळेच्या व्हरांड्यातलं, की कपाशीच्या वावरातलं? डॉक्टर "दीड-दोन महिने" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक व्हरांडा असतो आणि आपण ऐकतो वावर. पुढची निम्मी चिडचिड त्यातूनच होते.

पाय मुरगळला म्हणजे ऑपरेशन, असं मात्र मुळीच नाही. बहुतेक मुरगळलेले घोटे बर्फ, ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) आणि नेटाने केलेल्या व्यायामावर बरे होतात, आणि कुठलाही शहाणा डॉक्टर आधी तीन ते सहा महिने फिजिओथेरपीच करायला सांगतो. ऑपरेशन असतं ते वारंवार दगा देणाऱ्या घोट्यासाठी. बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्या, घोटा धरून ठेवतात. पाय आत वळून मुरगळतो तेव्हा त्यातलं पुढचं सगळ्यात आधी फाटतं. ते सैलच जुळून आलं की घोट्याला धरबंध राहत नाही. उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, त्यात कुणाचाही पाय जाईल. माझा पुढेपुढे सपाट डांबरी रस्त्यावरही जायला लागला. एक्स-रे दरवेळी स्वच्छ. हाड शाबूत आहे, तुमचा वहम आहे, असंही ऐकून घेतलं. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

निदान शेवटी हातानेच झालं. डॉक्टरांनी एका हाताने नडगी धरली आणि दुसऱ्या हाताने टाच पुढे ओढली. चांगल्या पायाची टाच जागच्या जागी अडली. दुखऱ्या पायाची टेबलाच्या खणासारखी पुढे सरकली आणि घोट्यापुढच्या कातडीला खळी पडली. या तपासणीचं नावच ड्रॉवर टेस्ट आहे. एमआरआय नंतर झाला, पण मला पटलं ते ती खळी पाहून.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात, मांडीला पट्टा आवळतात, तास-दीड तासात काम होतं. सैल लिगामेंट आखूड करून पुन्हा हाडाशी शिवायचं, ही पद्धत ब्रोस्ट्रॉम या स्वीडिश सर्जनने १९६६ मध्ये मांडली. १९८० मध्ये गूल्ड यांनी शेजारचा जाड पडदा वरून ओढून शिवण्याची भर घातली. आजही बहुतेक ठिकाणी तेच करतात, फक्त हाडात बारीक अँकर बसवून टाके त्याला बांधतात. लिगामेंट अगदीच विरलं असेल तर गुडघ्याजवळचं एखादं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून नवीन दोर ओवतात. त्याचा आराम जास्त. तुमचं यातलं कुठलं, ते आधी विचारून घ्या. शेजारणीच्या अनुभवावर हिशोब मांडू नका, माझ्याही नको.

पहिल्या रात्री बधिरपणा उतरतो आणि दुखणं एकदम अंगावर येतं. म्हणून दुखायची वाट न बघता गोळी वेळेवर घ्यायची. त्यानंतरचे दोन आठवडे, टाके निघेपर्यंत, पायाला प्लास्टरचा स्लॅब असतो आणि पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा असतो. आमच्याकडे पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या. मोरीला जायला पाय पलंगाखाली सोडला की रक्त भसकन खाली उतरतं, बोटं जांभळी पडतात आणि सगळा पाय ठणठणतो. पहिल्यांदा मी घाबरले. पण पाय वर घेतला की रंग परत येतो, ठणकाही उतरतो. रंग परत आला नाही, बोटं गार पडली किंवा पोटरी सुजून दुखायला लागली, तर सकाळची वाट न बघता फोन करायचा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनही नाही, थेट दवाखाना. रक्ताची गुठळी ही थट्टेची गोष्ट नाही.

खरी अडचण मात्र घराची. पाय टेकवायचा नाही म्हटल्यावर भारतीय बैठकीच्या संडासात जाणार कसं? हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी एकही जण विचारत नाही आणि घरी आल्यावर तासाभरात प्रत्येकाला पडतो. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा, भाड्यानेही मिळते. आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची आणि स्लॅबवर बांधायला मोठी पिशवी. वॉकर सपाट फरशीवर चालतो, उंबऱ्याला अडतो. धाब्याच्या घरात तर दर खोलीला उंबरा. मुलीने दोन उंबऱ्यांना फळ्या लावल्या, तिसऱ्या खोलीत मी गेलेच नाही.

शाळेला सुट्टी असते म्हणून मेमध्ये ऑपरेशन करू का, असं एका शिक्षिकेने विचारलं होतं. मी तरी नको म्हणेन. जळगाव-धुळ्याच्या पंचेचाळीस अंशांत स्लॅबच्या आत जी खाज सुटते, तिला उपाय नाही. त्यात लाइट गेली म्हणजे झालंच. मी थंडीत करून घेतलं. ते नेमके भरिताचे दिवस, आणि भेटायला येणारी प्रत्येक बाई वांगं वातूळ, टाके आहेत तर आंबट नको, असं सांगून जायची. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. त्यांनी बंद करायला सांगितली ती फक्त तंबाखू आणि मशेरी, कारण त्यांनी जखम भरायला उशीर होतो. साखर असेल तर ती आटोक्यात हवी. मग मी कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खाल्लं, सासूबाईंच्या देखत.

टाके निघाल्यावर वॉकिंग बूट मिळतो, म्हणजे घोटा हलू न देणारा उंच बूट. कुणाला लगेच थोडा भार द्यायला सांगतात, कुणाला सहा आठवडे थांबवतात. हे सर्जन ठरवतो. साधारण सहा आठवड्यांनी बूट जाऊन ब्रेस येतो आणि लोक म्हणायला लागतात, झाली की बरी! खरं काम तिथून सुरू होतं. पोटरी इतकी वाळलेली असते की दोन्ही पाय शेजारी ठेवून बघवत नाही. घोटा आखडलेला असतो. फिजिओ आधी वर-खालीच करायला लावतात, आत वळवू देत नाहीत, कारण शिवलेल्या जागेवर ताण तिकडूनच येतो. पुढे परवानगी मिळाली की हवेत अंगठ्याने अक्षरं काढायची. मी बाराखडी काढायचे; उकार काढताना घोटा कुरकुरायचा. मग रबरी पट्ट्याला बाहेरच्या बाजूने ताण देणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका पायावर उभं राहणं. दात घासताना, आधी फरशीवर, नंतर घडी केलेल्या गोधडीवर. दिसायला पोरखेळ, पण घोटा कुठे आहे याची मेंदूला जी खबर जाते, ती लिगामेंट फाटल्यावर बिघडलेली असते. ती टाक्यांनी दुरुस्त होत नाही, अशा उभं राहण्यानेच होते. हा भाग सोडून देणाऱ्यांचा पाय पुन्हा मुरगळतो आणि नाव ऑपरेशनचं खराब होतं.

आपल्याकडचे दोन प्रश्न इंटरनेटवरच्या माहितीत सापडत नाहीत. उकिडवं कधी बसता येईल? त्याला घोटा पूर्ण वाकावा लागतो, म्हणून चालणं जमल्यावरही ते बरंच मागे राहतं. मांडी कधी घालता येईल? मांडी घातली की बाहेरचा घोटा जमिनीवर टेकतो, म्हणजे बरोबर टाक्यांच्या जागी, आणि पाय आतही वळतो. पंगतीत मी कितीतरी महिने खुर्चीवर बसले आणि "बाई शहरी झाल्या" हे ऐकलं. आता सतरंजीची घडी घेऊन बसते.

गाडीचंही तसंच. उजवा पाय असेल तर मोटारसायकलचा ब्रेक त्याच पायाने दाबायचा असतो, डावा असेल तर गिअर. स्कूटी हाताने चालते खरी, पण थांबताना पाय पटकन टेकवावाच लागतो. पाय दचकून जोरात दाबता येत नाही तोवर किल्ली दुसऱ्याच्या हातात बरी.

खर्चाचा आकडा मी सांगत नाही, दवाखान्यागणिक बदलतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. हे ऑपरेशन योजनेत बसतं का, हे भरती व्हायच्या आधी त्याला विचारा, नंतर नाही. पावलाच्या वरच्या बाजूला थोडी कातडी बधिर राहू शकते, माझी आहे. संध्याकाळची सूज वर्षभरही रेंगाळते. खेळणाऱ्या पोरांना मैदानात उतरायला चार ते सहा महिने धरावेत, आणि कबड्डीला मी सहाच धरेन.

आता राहिला चैत्रातला प्रश्न: सप्तशृंगीला पायी जाता येईल का? ऑपरेशननंतरच्या पहिल्या चैत्रात मी गेले नाही, दिंडीला गावाच्या वेशीपर्यंत पोहोचवून परतले. पुढच्या वर्षी नांदुरीपर्यंत गाडीने गेले आणि तिथून ब्रेस लावून गडावर चालत चढले. वर पायऱ्यांऐवजी ट्रॉली घेतली. पूर्ण वाट पायी करायची तर सराव कपाशीच्या बांधावर नको, आधी शाळेच्या मैदानावर करा. आणि बूट पायाला नीट बसणारे घ्या, चपला पिशवीत.