आमची वाटचाल: आधी शॉक ॲब्सॉर्बर, मग स्प्रिंग

आमचं वर्कशॉप उभं राहिलं ते लीव्हर शॉकच्या, म्हणजे जुन्या गाड्यांतल्या दांड्याच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या दुरुस्तीवर. १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या पुष्कळ ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांना आजच्यासारखा नळीचा शॉक ॲब्सॉर्बर नसायचा. तेल भरलेली एक ओतीव पेटी, आत पिस्टन आणि व्हॉल्व्ह, बाहेर एक दांडा. चाक वरखाली झालं की दांडा फिरतो आणि तेल बारीक वाटेने ढकललं जातं. दांड्याचा शाफ्ट झिजला की तेल गळतं आणि खड्डा गेल्यावरही गाडी डुलत राहते. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या पुढच्या बाजूला तर हाच दांडा वरच्या विशबोनचं, म्हणजे चाकाला वरून धरणाऱ्या आर्मचं कामही करतो. म्हणजे शाफ्ट सैल झाला की नुसता शॉक जात नाही, चाकाचा कॅम्बर, म्हणजे त्याचा आत-बाहेर कलण्याचा कोनही हातातून जातो.

हे काम मन लावून केलं, म्हणून गिऱ्हाइकं टिकली आणि पुढचा प्रश्न घेऊन येऊ लागली: ‘आता गाडी जरा कडक करू या का? थोडी खाली घेऊ या का?’ धंदा खरा वाढला तो या प्रश्नामुळे.

त्याचं उत्तर देताना आम्ही एक क्रम ठरवला आणि तो आजही मोडत नाही. आधी गाडी मूळ अवस्थेत आणायची: बुश (सांध्यांतली रबरी नळकांडी), बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, टायर. त्यानंतर शॉक ॲब्सॉर्बर, मग अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारा, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा), आणि स्प्रिंग सगळ्यात शेवटी. येणाऱ्याला बहुतेक वेळा याच्या उलट हवं असतं, कारण खाली बसलेली गाडी दिसायला देखणी असते. पण पन्नास वर्षांच्या जीर्ण झालेल्या रबरावर नवी कडक स्प्रिंग चढवली, तर तिचा सगळा जोर त्या रबरातूनच जातो आणि स्टिअरिंग आधीपेक्षा जास्त भरकटतं. नुसते बुश आणि टायर बदलून गाडी परत दिल्यावर ‘यात अजून काय काय घातलंत?’ असं विचारणारे मालक आम्हाला भेटले आहेत.

बुश बसवण्यातही एक शिस्त आहे. धातूच्या नळीला चिकटवलेलं रबर फिरत नाही, ते पिळलं जातं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरल्याक्षणी रबर पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. त्यामुळे आमच्याकडे बोल्ट नुसते हाताने लावतात, गाडी चाकांवर उभी करतात, पुढेमागे ढकलून आणि कोपरे दाबून बसू देतात, आणि मग टॉर्क पान्याने आवळतात. पॉलियुरेथेनचे बुश आम्हीही वापरतो, पण जिथे बुशला एकाच अक्षावर फिरायचं असतं तिथेच. ट्रेलिंग आर्मच्या (चाकापासून पुढे जाऊन गाडीला जोडलेल्या दांड्याच्या) टोकाला बुशला फिरता फिरता मुरडावंही लागतं, तिथे रबरच घालतो. नाहीतर सस्पेन्शन अडकून चालतं.

नंतर स्प्रिंग मोजायचं प्रेस घेतलं, आणि बोलण्यात आकडे आले. गाडीच्या वजनाने स्प्रिंग चाकापाशी साधारण २५ सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला एकदा झुलते. ११ सेंटिमीटर दबत असेल, तर दीड वेळा. स्प्रिंग दुप्पट कडक केली आणि गाडीचं झुलणं पूर्वीइतकंच आटोक्यात ठेवायचं असेल, तर शॉकचा जोर सुमारे १.४ पट लागतो. तो न वाढवता गाडी रस्त्यावर सोडली, तर ती कडकही वाटते आणि उडतेही. अँटी-रोल बारचा हिशेब याहून तीव्र आहे. त्याची कडकाई व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे १६ मिलिमीटरच्या जागी १९चा बार घातला की ती जवळजवळ दुप्पट होते. हाताला तीन मिलिमीटर जाणवतही नाहीत.

गाडी खाली घेण्याबाबत आम्ही सरसकट नाही म्हणत नाही. एमजीबीचंच बघा. १९७४मध्ये अमेरिकेचे नियम पाळण्यासाठी मोठे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची सुमारे इंचभर वाढवली गेली. मागचा अँटी-रोल बार मिळायला १९७७चं मॉडेल यावं लागलं. मधल्या वर्षांतली गाडी आधीच्या उंचीवर आणणं हे आमच्या मते योग्यच काम. पण डॅटसन २४०झेडसारख्या स्ट्रटच्या गाडीत, म्हणजे जिथे शॉक ॲब्सॉर्बरचा उभा खांबच चाकाला वरून धरतो तिथे चित्र पालटतं. गाडी जितकी खाली येते त्याहून तिचं रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते तो) जास्त उतरतं, आणि वळणावर कलण्याचा कल उलट वाढतो. वर बंप स्टॉपपर्यंतची, म्हणजे चाकाची वरची धाव अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंतची जागाही कमी होते. हे कागदावर रेघा मारून दाखवलं की मालक स्वतःच इंचाऐवजी अर्ध्या इंचावर येतात.

ट्रायम्फ स्पिटफायर ही माझी सगळ्यात आवडती गाडी, कारण तिथे कारखान्यानेच धडा घालून दिला आहे. तिच्या मागे स्विंग ॲक्सल (आतल्या टोकाशी झुलणारा ॲक्सल, ज्याच्यासोबत चाकही कलतं) आणि पानांच्या स्प्रिंगचा आडवा पाटा. वेगात वळताना ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू उचलते, बाहेरचं चाक आत मुडपतं आणि पकड सुटते. १९७०च्या मार्क फोर मॉडेलमध्ये त्यांनी पाट्यातलं एकच पान घट्ट ठेवलं आणि बाकीची पानं मधल्या खिळीवर झुलती सोडली. मागची बाजू कलण्याच्या बाबतीत मऊ झाली, आणि ते भरून काढायला पुढचा अँटी-रोल बार जाड केला. सुधारणा झाली ती मागे मऊ करून! जुन्या स्पिटफायरचे मालक कडक पाटा मागायला येतात, तेव्हा मी त्यांना हे दोन पाटे शेजारी ठेवून दाखवतो. बरेचसे झुलता पाटा आणि जाड बार घेऊन जातात, आणि पुढच्या वळणदार रस्त्यावरून फोन करतात.

फक्त ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्याही आता येतात. तिथे पहिला प्रश्न टायरचा असतो, कारण टायरची पकड ठरल्याशिवाय बार किती आणि स्प्रिंग किती हे सांगण्यात अर्थ नाही. गाडी कोणतीही असो, एका वेळी एकच बदल करायचा, चालवून बघायचं आणि नोंद करायची. उतरवलेले मूळ भाग चिठ्ठ्या लावून मालकाला परत द्यायचे. नव्या स्प्रिंग आणि बुश काही दिवस बसत जातात, उंची थोडी बदलते आणि तिच्याबरोबर कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोनही. म्हणून काही शे किलोमीटर झाल्यावर गाडी परत बोलावतो आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे हे कोन, पुन्हा करून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.