शेवटचे पाच मीटर आणि डोक्यावरची बोट (माझा अनुभव)

माझी तेविसावी स्कूबा डाइव्ह होती ती. सर्टिफिकेट मिळून दीड वर्ष झालेलं, म्हणजे आता आपल्याला सगळं येतं असं वाटायला लागतं ना, नेमका तो टप्पा. पाच मीटर खोलीवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधीचा थांबा) झाला, नवऱ्याला (तोच माझा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार) अंगठा दाखवला, चल वर, आणि निघालो. वर बघितलं होतं का? बघितलं असेन, पण जिना चढताना बघतो तेवढंच. अर्ध्यात आले असेन नसेन तेवढ्यात आवाज सुरू झाला, दाताच्या डॉक्टरकडच्या ड्रिलसारखा, बारीक आणि चिरका, आणि कुठून येतोय तेच कळेना. मागे वळले, काही नाही. डावीकडे, काही नाही. मग एकदम डोक्यावरचा उजेडच गेला, फेसाचा एक पांढरा पट्टा सर्रकन पुढे गेला आणि पाठोपाठ पाण्याचा असा हिसका बसला की नवरा माझ्या फिन्सवर (पायातल्या वल्ह्यांवर) येऊन आदळला. आमची डोकी आणि बोटीचा तो पंखा यांच्यामध्ये फार तर दोन मीटर पाणी असेल. तोंडात रेग्युलेटर (टाकीतली हवा ज्यातून घेतो तो) असताना किंचाळता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

आवाजाचं नंतर समजून घेतलं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात १५०० च्या आसपास. आवाज एका कानात आधी आणि दुसऱ्यात किंचित नंतर पोचतो त्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो, पण पाण्यात तो फरक इतका बारीक होतो की मेंदू हातच टेकतो. त्यामुळे बोट पुढे असो की मागे, आवाज येतो तो सगळीकडून. म्हणजे इंजिन ऐकू आल्यावर गरागरा फिरून शोधत बसण्यात अर्थ नाही, जिथे आहोत तिथेच थांबायचं किंवा दोन मीटर खाली जायचं. मी बरोब्बर उलटं केलं होतं, शोधता शोधता वर वर जात राहिले.

बोटीवर चढल्यावर पहिलं काय केलं तर तावातावाने आमच्या डायव्हिंगच्या सरांना विचारलं, झेंडा लावलेला असताना ती स्पीडबोट मध्ये आलीच कशी? सर शांतपणे म्हणाले, "झेंडा कुठे होता आणि तू कुठे होतीस ते सांग आधी." आमची बोट नांगरलेली, त्यावर निळा-पांढरा अल्फा झेंडा, म्हणजे खाली डायव्हर आहेत, लांब राहा, सगळं नियमानुसार. आणि आम्ही? समुद्राला अर्ध्या नॉटचा करंट (प्रवाह) होता, म्हणजे मिनिटाला १५ मीटर, आणि आम्ही चाळीस मिनिटं त्याच्याबरोबर मजेत वाहत गेलो. करा हिशोब, ६०० मीटर. तिथे पाण्यात कुणी आहे हे त्या स्पीडबोटवाल्याला कोणी सांगायचं? अर्थात तो नव्याण्णव टक्के बेफाम चालवत होता हे माझं मत अजूनही कायम आहे.

दुसरा हिशोब सरांनी तिथेच करायला लावला. वर यायचा वेग मिनिटाला ९ मीटर, म्हणजे पाच मीटरवरून वर यायला अर्धा मिनिट. बोट २० नॉटने येत असेल तर ताशी ३७ किलोमीटर, सेकंदाला साधारण दहा मीटर. म्हणजे मी निघते तेव्हा तीनशे मीटरवर असलेली बोट मी डोकं बाहेर काढते तेव्हा डोक्यावर. हे ऐकून माझं तोंड जे बंद झालं ते किनारा येईपर्यंत. अशी गोष्ट फक्त माझ्याच बाबतीत झाली असंही नाही, कर्स्टी मॅककॉल ही ब्रिटिश गायिका १८ डिसेंबर २००० ला मेक्सिकोत कोझुमेलला डाइव्ह संपवून वर येत होती, बोटींना मनाई असलेल्या भागात, तिथे पॉवरबोट आली, तिने मुलाला बाजूला ढकललं आणि ती स्वतः गेली.

मग सुरू झालं फुगा प्रकरण. फुगा म्हणजे डीएसएमबी, खालूनच हवा भरून वर सोडायची ती लांब भडक केशरी पिशवी, म्हणजे खाली आपण कुठे आहोत ते वरच्या बोटींना कळतं, डायव्हिंगवाले तिला सॉसेज म्हणतात. माझ्याकडे होता की! दीड वर्ष बीसीडीच्या (डायव्हिंगच्या हवा भरायच्या जाकिटाच्या) खिशात घडी घालून ठेवलेला, एकदाही न उघडलेला. कोर्समध्ये एकदा सोडला होता, तोही सरांनी अर्धा सोडून दिलेला. सर म्हणाले, आता हा दर डाइव्हला सोडायचा, गरज असो नसो.

पहिला प्रयत्न पोहण्याच्या तलावात, दहावीला बसल्यासारखं टेन्शन. घडी उघडली, स्पूलची (दोऱ्याच्या रिळाची) क्लिप फुग्याला लावली, तोंड लावून हवा भरली, सोडला, आणि दोरा सुटायच्या ऐवजी स्पूलवरच अडकला. मी स्पूल घट्ट धरून ठेवलेला. फुगा वर आणि त्याच्यामागे मी, गणपतीच्या मिरवणुकीतल्या फुग्याला लटकल्यासारखी. तलाव तीनच मीटरचा म्हणून हसण्यावारी गेलं, समुद्रात दहा मीटरवरून असं सुसाट वर गेले असते तर आतली हवा फुगून फुफ्फुसाचं काय झालं असतं ते सांगायला नको. तेव्हा सरांनी दोन गोष्टी घोकून घेतल्या. एक, स्पूल स्वतःच्या डी-रिंगला (जाकिटावरच्या कडीला) कधीही अडकवलेला नसावा. दुसरी, अडकला की सोडून द्यायचा, सरळ हात उघडायचा, स्पूल गेला तरी चालेल. हे दुसरं वाटतं तितकं सोपं नाही बरं का, धरलेली वस्तू सोडायला हात तयारच होत नाही, मी तीन वेळा मुद्दाम अडकवून मुद्दाम सोडायचा सराव केला.

हवा किती भरायची यातही माझा गोंधळ. मी गाल फुगवून फुगवून भरायचे आणि तेवढ्यात स्वतःच वर सरकायचे. १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट, म्हणजे तिथे भरलेली हवा वर पोचेपर्यंत आपोआप दुप्पट जागा घेते, त्यामुळे एक चांगला मोठा श्वास बऱ्याचदा पुरतो. आणि तोंडाने भरायचा फायदा असा की हवा फुफ्फुसातून फुग्यात जाते, तुमचा एकूण तरंगायचा हिशोब बदलत नाही, ऑक्टोपसने (जादाच्या रेग्युलेटरने) टाकीतून भरली की नवीन हवा येते आणि तुम्ही फुग्याबरोबर उचलले जाता. हे समजल्यावर एकदम सोपं झालं. त्याआधी आठवडाभर नाकी नऊ आले होते.

समुद्रात पहिल्यांदा एकटीने सोडला तेव्हा फुगा सुळकन गेला, दोरा छान सुटला, मी खाली खूश. वर आल्यावर सर म्हणतात, दिसलाच नाही. कसा दिसेल, तो पाण्यावर आडवा झोपलेला! दोरा सैल सोडला की फुगा लवंडतो. खालून दोर ताणून किंचित लटकायचं, मग तो ताठ उभा राहतो.

मधल्या एका रविवारी डाइव्ह न करता मी फक्त बोटीवर बसले, हे खरं तर सगळ्यांनी एकदा करावं. स्किपरशेजारी (बोट चालवणाऱ्याशेजारी) उभं राहून पाण्यात डोकी शोधायची. काळा हूड, काळा सूट, आणि समोरून ऊन. माहीत असलेल्या जागी माणसं वर आलेली, तरी मला दिसेनात, स्किपरने बोट दाखवलं तेव्हा एक ठिपका दिसला, तोही लाटेत गायब. फुगे मात्र लांबून कळत होते. बोट वेग घेते तेव्हा पुढचा भाग वर उचलला जातो आणि समोरचं पाणी झाकलं जातं हेही तिथे उभं राहिल्यावरच कळलं.

शिडीचं थोडक्यात सांगते, कारण तिथेही पंखा जवळच असतो. इंजिनाचा आवाज येतोय म्हणजे पंखा फिरतोयच असं नाही, न्यूट्रलमध्ये तो नुसताच बसलेला असतो, पण पाण्यातून आपल्याला फरक कळत नाही, म्हणून स्किपरने ये म्हटल्याशिवाय जवळ जायचं नाही. आणि बंद असला तरी लाटेवर मागची बाजू वर-खाली आपटते, त्यामुळे मास्क डोळ्यावर, रेग्युलेटर तोंडात, शिडीला हात लागल्यावरच फिन्स काढायचे आणि दुसरा कुणी चढत असेल तर त्याच्याखाली थांबायचं नाही. तो टाकीसकट पडला तर आपल्याच डोक्यावर.

गेल्या महिन्यात तसाच करंट होता. आठ मीटरवर फुगे सोडले, मी माझा, नवऱ्याने त्याचा. पाचवर थांबलो, तीन मिनिटं होत आली आणि पुन्हा तो ड्रिलचा आवाज. नवऱ्याकडे बघून मूठ दाखवली, थांब. दोर ताणून धरला. आवाज वाढला, वाढला, मग पातळ होत गेला. आणखी एक मिनिट मोजलं, मान वर, एक हात वर, गोल फिरत फिरत सावकाश वर आलो. आमचीच बोट होती, आमच्यापासून लांब थांबलेली. स्किपरने दोन्ही हात डोक्यावर फुली करून दाखवले, इंजिन बंद, या.

शिडीला हात लावला तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुमचा फुगा लांबून दिसला. साहेबांचा झोपला होता."

नवरा अजून म्हणतो वारा होता.