हेलिकॉप्टर दिलं, पण पाना कोणाच्या हातात?

लष्करी मदतीची बातमी आली की लोक यादी वाचतात. इतकी हेलिकॉप्टरं, इतक्या रायफली, इतके प्रशिक्षक. माझी नोकरी ईएमईच्या, म्हणजे लष्कराची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरच्या, वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे डोक्यात पहिला प्रश्न येतो तो सुट्या भागांचा. ते कुठून येणार? ओव्हरहॉल कोण करणार? देणारा निघून गेल्यावर किती मशिनं 'ऑफ रोड', म्हणजे नादुरुस्त, पडून राहणार? बंडखोरांशी लढणाऱ्या मित्रदेशांना दिलेल्या मदतीबद्दल जमेल तसं वाचत असतो आणि माझं मत पक्कं होत चाललंय: देणाऱ्याने किती दिलं ते नंतर बघावं, घेणाऱ्याने स्वतःच्या अंगावर काय घेतलं ते आधी.

अफगाणिस्तान घ्या. तिथल्या फौजेवर अमेरिकेने वीस वर्षांत ८० अब्ज डॉलरच्या वर खर्च केला. अफगाण मेकॅनिक रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टरवर तयार झालेले, सोव्हिएत काळापासूनची सवय. दणकट मशिन, डोंगरात उंचावर चालणारं, भरपूर भार उचलणारं. पण रशियाकडून खरेदी नको म्हणून अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर द्यायचं ठरलं. एमआय-१७ ची बहुतेक दुरुस्ती अफगाण स्वतः करत होते. ब्लॅक हॉकची जवळजवळ सगळी कंत्राटदारांच्या हातात राहिली. २०२१ मध्ये अमेरिकी सैन्यामागोमाग कंत्राटदारही गेले, आणि दुरुस्तीचं मार्गदर्शन व्हिडिओ कॉलवर सुरू झालं. ज्याने आयुष्यात एकदा तरी गिअरबॉक्स उघडलाय, त्याला विचारा हे ऐकून काय वाटतं! त्याआधी इटालियन बनावटीची जी-२२२ मालवाहू विमानं दिली होती. त्यातली सोळा विमानं २०१४ मध्ये काबूलला भंगारात निघाली, पौंडाला सहा सेंट भावाने.

पगाराचंही तेच. पैसे बाहेरून येत होते, त्यामुळे प्रत्यक्षात नसलेले जवान हजेरीपटावर लावून त्यांचा पगार खाणाऱ्या कमांडरला काबूलमध्ये कोणी खडसावून विचारलं नाही.

कोलंबियात गोष्ट वेगळी घडली. २००० मध्ये 'प्लॅन कोलंबिया' ही अमेरिकी मदत योजना सुरू झाली आणि हेलिकॉप्टरं तिथेही अमेरिकेचीच होती. पण २००२ मध्ये अध्यक्ष उरीबे सत्तेवर आले आणि त्यांनी श्रीमंतांवर संपत्ती कर बसवून सुरक्षेसाठी पैसा उभा केला. लढाईचा मोठा खर्च कोलंबियाने स्वतःच्या खिशातून केला, पायलट आणि मेकॅनिक आपले तयार केले, हळूहळू हेलिकॉप्टरांची जबाबदारीही घेतली. २०१६ मध्ये फार्क या डाव्या बंडखोर संघटनेशी शांतता करार झाला.

इथे थांबलो असतो तर हिशोब सोपा होता. पण याच कोलंबियन सैन्यात 'मारलेले बंडखोर' मोजून शाबासकी, रजा, बक्षिसं मिळत होती, आणि आकडा वाढवायला गरीब पोरांना कामाच्या आमिषाने नेऊन, मारून, बंडखोरांचे कपडे चढवले जात. शांतता करारातून आलेल्या न्यायालयाने २००२ ते २००८ या काळातले असे ६,४०२ बळी नोंदवले. देणाऱ्याने कुठलंही मशिन दिलं तरी ते कोणावर रोखलं जातंय हे वर्कशॉपच्या रजिस्टरमध्ये दिसत नाही. माझ्यासारख्याच्या नजरेची मर्यादा तिथे कळते.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये, १९८० च्या दशकातल्या गृहयुद्धात, तर अमेरिकेने सल्लागारांची संख्या ५५ वर अडवून ठेवली होती. माणसं थोडी, मदत मोठी, कागदावर आदर्श. डिसेंबर १९८१ मध्ये अमेरिकी प्रशिक्षण घेतलेल्या अत्लाकात्ल बटालियनने एल मोसोते गावात आणि आसपास शेकडो गावकऱ्यांना मारलं, त्यात लहान मुलं भरपूर. पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनने 'मानवी हक्कांची परिस्थिती सुधारतेय' असं प्रमाणपत्र देऊन मदत चालू ठेवली. साल्वादोरच्या जनरलांना ठाऊक होतं की कम्युनिस्ट जिंकतील या भीतीने अमेरिका हात काढून घेणार नाही. १९८९ मध्ये त्याच बटालियनच्या जवानांनी सहा जेझुइट पाद्री आणि त्यांच्याकडची दोन माणसं मारली, तेव्हा कुठे अमेरिकी काँग्रेसने लष्करी मदत निम्मी करायचं ठरवलं.

आपण यातून सुटलेलो नाही. १९८७ मध्ये श्रीलंकेत आयपीकेएफ, म्हणजे भारताची शांतिसेना, गेली, जवळपास १,२०० जवान परत आले नाहीत. ज्या देशाच्या सरकारशी करार करून गेलो, त्याच देशाच्या पुढच्या अध्यक्षांनी, प्रेमदासांनी, आपल्याला घालवायला, आपण जिच्याशी लढत होतो त्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेला शस्त्रं पुरवली. तिथे रसद, दुरुस्ती, सगळं आपलं होतं. यजमानाने अंगावर घ्यावं असं काही उरलंच नव्हतं, इच्छाही नव्हती.

सध्या माझं लक्ष सोमालियावर असतं. तिथल्या दनब ब्रिगेडला, म्हणजे सोमाली लष्कराच्या खास कमांडो दलाला, अमेरिका प्रशिक्षण देते, शस्त्रं देते, रेशनसुद्धा देत होती. २०२४ मध्ये त्या रेशनची चोरी उघड झाली आणि मदतीचा काही भाग थांबला. मोगादिशू सरकारने काहींना ताब्यात घेतलं आणि यापुढे रसद आपण पुरवू असं सांगितलं. ते खरंच पुरवतात का, याच्या बातम्या शोधत असतो. ड्रोन हल्ल्यांच्या बातम्या रोज मिळतात, याच्या फारशा मिळत नाहीत.