धुराड्याचं काम: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीपासून पहिल्या पावसापर्यंत

निकाल आधीच सांगून टाकतो. धुराडं आतून साफ झालं, विटांमधल्या दर्जा (सांधे) चुन्यात भरून झाल्या, डोक्यावर टोपी बसली आणि पहिला जोरदार पाऊस पडला तेव्हा चुलीत एक थेंब आला नाही. तुळईचं काम मात्र राहिलंय, त्याबद्दल शेवटी.

घर जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरकडचं. आजोबा सांगायचे की १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाला लोकं आली तेव्हा हे घर उभं होतं, त्यामुळे वयाचा अंदाज तुम्हीच करा. चुन्यात बांधलेल्या जाड विटांच्या भिंती, सागाच्या तुळया, वर धाबं (मातीचं सपाट छप्पर), आणि धाबं गळायला लागल्यावर त्याच्यावर कधीतरी टाकलेला पत्रा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चूल, तिच्यावर विटांचं चौकोनी धुराडं, आतून साधारण ९ इंच बाय ९ इंच.

आता कोणी म्हणेल खान्देशात कसली आली ओल, जळगावकडे वर्षाला पाऊस पडतो तो ७०० मिलिमीटरच्या आसपास. खरंय, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमधेच पडतो, आणि त्याच्या आधी मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत भाजून विटांना केसाएवढ्या चिरा पडलेल्या असतात, मग पहिलं पाणी सरळ त्या चिरांतूनच आत. थंड ओलसर देशांतल्या जुन्या घरांच्या धुराड्यांना जो त्रास वर्षभर होतो तोच आपल्याकडे चार महिन्यांत उरकतो.

मला जास्त विचार करायला लावला तो दुसऱ्याच गोष्टीनं. हे धुराडं पन्नास-साठ वर्षं रोज दोन वेळा तापत होतं आणि त्याला काही झालं नाही. घरात गॅस आला, चूल फक्त भरताला आणि आखाजीच्या मांड्यांना पेटायला लागली, आणि तेव्हापासून ते सडायला लागलं. कारण सरळ आहे, रोजच्या जाळानं आतली वीट कोरडी राहायची, पावसाळ्यातसुद्धा. आता ते महिना महिना थंड पडलेलं असतं, त्यात आपण एक दिवस तासभर जाळ करतो, धूर थंड विटेला लागतो आणि तिथेच त्याची वाफ जमते. धुराचं तापमान साधारण १२० डिग्रीच्या खाली गेलं की त्यातला डांबरी अंश भिंतीला चिकटायला लागतो, त्यालाच क्रिओसोट म्हणतात. म्हणजे कमी वापरतो म्हणून साफ करायची गरज नाही हा हिशोबच उलटा आहे.

आणि म्हणूनच माझं म्हणणं की धुराड्याची सफाई दिवाळीला करून उपयोग नाही. घरोघरी ती दिवाळीच्या साफसफाईतच ओढली जाते, आमच्याकडेही तसंच होतं. पण आपला जाळाचा सीझन कुठला? भरीत पार्ट्या थंडीतल्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मग आखाजीला मांडे भाजायचं मातीचं खापर. सगळी काजळी त्या काळात बसते आणि तीच काजळी अंगावर घेऊन धुराडं पावसाळ्यात जातं. कोरडी काजळी निरुपद्रवी दिसते, पण ती पाणी धरून ठेवते आणि ओली झाली की आम्लधर्मी होते, चुन्याच्या दर्जा आतून खाते. बाहेर भिंतीवर लोणा (पांढरा क्षार) फुटतो, आपण तो खरवडून रंग मारतो, पुढच्या वर्षी परत. पावसाळाभर स्वयंपाकघरात जो जुना कुबट धुरकट वास येत राहतो तो पण हाच. तेव्हा थंडी संपल्यावर, आखाजीला खापर चढायच्या आधी एकदा नीट सफाई, आणि दिवाळीला फक्त बॅटरी मारून पाहणी, असं ठरवलं.

सफाई. चूल आदल्या दिवसापासून पूर्ण थंड. चुलीच्या तोंडावर जुनी चादर, कडा टेपनं बंद, नाहीतर घरभर काळं होतं आणि मग आईपुढे कुठलं शास्त्र चालत नाही. दोरीच्या मधोमध तारेचा गोल ब्रश बांधला, धुराड्याच्या मापापेक्षा किंचित मोठा, खाली लोखंडी वजन. मी पत्र्यावर, चुलतभाऊ खाली, तो ओढणार मी ओढणार, वरून खाली सरकत. पत्र्यावर पहाटेच चढायचं, नऊनंतर हात टेकवत नाही. शेजारची मोठीमाय खालून विचारते, "काय करून राह्यला रे वरती, पतंग उडवून राह्यला का?" काजळी काढतोय म्हटलं तर म्हणे आमच्या वेळी बाभळीची काटेरी फांदी दोरीला बांधून ओढायचे, तुझा ब्रश कशाला लागतो. खरं सांगायचं तर कोपऱ्यांत फांदी ब्रशपेक्षा चांगली जात असेल, ब्रश गोल आणि धुराडं चौकोनी, कोपरे शेवटी बांबूला खरवडणी बांधूनच काढावे लागले.

मास्क आणि चष्मा लावा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण हसतो. लंडनचा सर्जन पर्सिव्हल पॉट याने १७७५ मधे धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणारा कॅन्सर काजळीमुळे होतो हे लिहून ठेवलंय, कामधंद्यातून कॅन्सर होतो हे पहिल्यांदा दाखवलं गेलं ते इथेच. तेव्हा तोंडाला नुसता रुमाल बांधून भागवू नका, एन-९५ लावा, आणि काम झाल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसू नका.

निघालेला माल तीन तऱ्हेचा. वरच्या टोकाला भुसभुशीत काळी पूड, ब्रश लागला की पडते. मधल्या भागात चकचकीत कडक पापुद्रे, त्याला जोर लागला. आणि धाब्याच्या थोडं वर, जिथे धुराडं बाहेरच्या हवेत निघतं, तिथे एका कोपऱ्यात काचेसारखा गुळगुळीत थर, ब्रश नुसता घसरतो. ही तिसरी जात सगळ्यात वाईट, पेट घेते ती हीच, आणि धुराड्यातली आग ११०० डिग्रीपर्यंत जाऊ शकते, वर सागाची तुळई आहे हे लक्षात ठेवा. तो थर बोथट पटाशीनं टिचकून टिचकून काढला. थर ३ मिलिमीटरच्या वर गेला की साफ करायचाच असा साधा नियम आहे.

राख-काजळी लोखंडी घमेल्यात काढली. केळीला टाका म्हणून सगळे सांगतात, मी नाही टाकत. आपली काळी जमीन आधीच अल्कधर्मी, त्यात लाकडाची राख म्हणजे आणखी भर, आणि काजळी तर कुठल्याच पिकाला नको.

सरपणाचा मुद्दा इथेच घेतो कारण क्रिओसोटचं मूळ तेच आहे. लाकडात २० टक्क्यांपेक्षा कमी ओल पाहिजे, ताज्या तोडलेल्यात ती ५० टक्क्यांपर्यंत असू शकते. भरताला पऱ्हाट्याच (कापसाच्या वाळक्या काड्या) पाहिजेत यावर वाद नाही, वांग्याला तो वास दुसऱ्या कशानं येत नाही, पण थंडीतल्या कोरड्या पऱ्हाट्या वेगळ्या आणि वाड्यात रचून ठेवलेल्या, जून-जुलैत भिजलेल्या पऱ्हाट्या वेगळ्या. तसंही गुलाबी बोंडअळीमुळे कृषी खातं सांगतंच की पऱ्हाट्यांचे ढीग पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नका. मग कशाला ठेवायच्या, थंडीत लागतील तेवढ्या जाळा, बाकी विल्हेवाट लावा. पावसाळ्यासाठी बाभळीचं वर्षभर वाळलेलं लाकूड छपराखाली ठेवलंय.

आता दर्जा, ज्यात खरा वेळ गेला. पूर्वी कोणीतरी बाहेरून सगळ्या दर्जा सिमेंटनं भरल्या होत्या. सिमेंट कडक, जुनी वीट मऊ, उन्हात दोघं वेगवेगळे फुगतात, सिमेंट सुटतं आणि त्याच्या मागे पाणी अडकून बसतं, मग बाहेर निघायला त्याला विटेतूनच वाट काढावी लागते आणि विटेचं तोंड पापुद्रे सुटून पडतं. मिस्तरी काका ग्राइंडर घेऊन आले होते, त्यांना हात जोडून छिन्नी-हातोडीवर आणलं कारण ग्राइंडर विटेच्या कडा खातो. दर्जा रुंदीच्या दुपटीएवढी खोल खरवडली, पाण्यानं धुतली, मग भरली. माल १ भाग चुना, ३ भाग वाळू, वाळूतलाच थोडा भाग कमी करून सुरखी (विटेची पूड). चुना घरीच विझवला. चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही, उकळी फुटून अंगावर उडतं.

आपल्याकडे चुन्याचा शत्रू ऊन. एप्रिलच्या उन्हात दर्जा तासात वाळते आणि नुसती पूड होते, कारण चुना नुसता वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होतो आणि त्याला तोपर्यंत थोडी ओल लागते. म्हणून काम सकाळचं, लगेच ओलं गोणपाट, संध्याकाळी पुन्हा पाणी. आणि हे सगळं पाऊस यायच्या बरेच आठवडे आधी संपायला हवं, मृगाच्या तोंडावर भरलेला चुना पहिल्याच सरीत धुऊन जातो. मिस्तरी काका रोज म्हणायचे, "भाऊ, सिमेंटमधे दोन दिवसांचं काम होतं." होतंच की, आधीचं पण तसंच झालं होतं.

टोपी साधी, चार बाजूंना लोखंडी पाय, वर जीआय पत्रा, चारी बाजू उघड्या, त्यांना जाळी. जाळी पारव्यांसाठी, घरट्याच्या काड्या अर्ध्या धुराड्यापर्यंत भरलेल्या होत्या. पावसाळ्यात गोणपाट कोंबून तोंड बंद करतात ते करू नका, आतली हवा हलली पाहिजे, नाहीतर ओल कोंडते. उंचीचा नियम असा की धुराडं छपरातून निघतं तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा २ फूट वर. आमचं आखूड होतं, विटांचे चार थर वाढवले आणि वारा सुटल्यावर घरात धूर यायचा तो बंद झाला.

धुराडं आणि पत्रा भेटतात ती फट सगळ्यात छळते. सिमेंटनं भरली की पुढच्या उन्हाळ्यात पत्रा फुगून तिला फोडतोच. आता पत्र्याची पट्टी काटकोनात वाकवून वरची कड विटांच्या दर्जेत घुसवलीय आणि खालची कड छपराच्या पत्र्यावर नुसती टेकवलीय, खिळे नाहीत, त्यामुळे पत्रा हवा तसा सरकतो.

पाऊस पडल्यावर सकाळी चूल पेटवली तर धूर परत खाली आला, हे होणारच, थंड जड हवा धुराड्यात बसलेली असते. आधी वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरला, हवा गरम होऊन वर चढली, मग सरपण. गॅसच्या ओट्यावरचा एक्झॉस्ट फॅन चालू असला तरी धूर खाली ओढला जातो, तो बंद करा आणि एक खिडकी उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, त्यामुळे डोळे चुरचुरत नाहीत म्हणजे सगळं ठीक असं समजू नका.

राहिलेलं काम तुळईचं. लाकूड आणि धुराड्याची वीट यांच्यात २ इंचांची मोकळी जागा पाहिजे, आमच्याकडे एक तुळई सरळ विटेत टेकवलेली आहे आणि तिचं टोक काळपटलंय. तोपर्यंत मोठा जाळ बंद, मोठा स्वयंपाक अंगणातल्या चुलीवर. दिवाळीनंतर तुळईला खालून टेकू देऊन टोक कापायचं आणि वजन बाजूच्या विटांच्या खांबावर घ्यायचं असा बेत आहे. धाब्याची माती अंगावर न घेता हे कोणी केलं असेल तर टेकू कुठे आणि किती दिले ते सांगा. आणि धुळे-नंदुरबारकडे न विझवलेला कळीचा चुना कुठे चांगला मिळतो तेही, मला मिळाला त्यात खडे फार निघाले.