आटे गेलेत

"आटे गेलेत. आता कितीही पिळा, नुसता फिरत राहणार."

चष्म्याच्या काडीतला तो मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात धरून दुरुस्तीवाले काका म्हणाले. मला उगाचच वाटलं, माझ्याविषयीच बोलताहेत.

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत होतं. आटे म्हणजे स्क्रूच्या अंगावरचे ते तिरके वळसे. आपण एखाद्याला 'याचा स्क्रू ढिला आहे' म्हणतो. पण ढिला परवडला हो, आवळता तरी येतो. आटे गेलेल्याचं काय करायचं?

मग पेच आठवला. मूळ फारसी, अर्थ पीळ, वळसा. त्यातूनच पेचकस, पतंगांचा पेच, कुस्तीतला पेच, डावपेच, पेचप्रसंग. गंमत बघा, लाकडात शिरलेला पेच घट्ट बसावा म्हणून आपण जोर लावतो आणि आयुष्यात पडलेला सुटावा म्हणून.

मळसूत्र तर आता कुणी म्हणतच नाही. मला तो शब्द स्क्रूपेक्षा देखणा वाटतो.

१८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने आट्यांचा कोन ५५ अंश असावा असं सुचवलं, म्हणजे एका मापाचा नट त्या मापाच्या कुठल्याही बोल्टला बसेल. शब्दांना असा कोन कुणी ठरवून दिला नाही, बरंच झालं.

काकांनी नवा स्क्रू बसवला. जुना कागदाच्या पुडीत बांधून परत दिला. का, ते विचारायचं राहिलं.

तुमच्या घरी 'आटे' म्हणतात की आणखी काही?