एका आयडीचे दोन राउटर

तक्रार विचित्र होती. दोन शाखांचं नेटवर्क आलटून पालटून गायब होत होतं. एक चालू झाली की दुसरी बंद, काही सेकंदांनी उलट. मॉनिटरिंगमध्ये मात्र सगळं हिरवं: लिंक अप, शेजाऱ्यांशी ओएसपीएफ (राउटरांनी आपसात रस्ते ठरवायचा प्रोटोकॉल) 'फुल', म्हणजे शेजारसंबंध पूर्ण जुळलेले. आधीच्या शिफ्टने केबल बदलली होती, राउटर रीस्टार्ट केला होता, लिंक देणाऱ्या कंपनीकडे तिकीटही टाकलं होतं. राउटिंग टेबल बघायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. लिंक हिरवी म्हणजे नेटवर्क ठीक, हा समज आमच्या क्षेत्रात फार मुरलाय.

ओएसपीएफसारख्या लिंक-स्टेट प्रोटोकॉलमध्ये शेजाऱ्याने सांगितलेला रस्ता राउटर आंधळेपणाने उचलत नाही. प्रत्येक जण फक्त स्वतःबद्दल सांगतो: माझा आयडी हा, माझ्या लिंक या, त्यांची कॉस्ट, म्हणजे त्यावरून जाण्याची किंमत, इतकी. ही माहिती, म्हणजे एलएसए, एरियातल्या, म्हणजे नेटवर्कच्या त्या विभागातल्या, प्रत्येक राउटरपर्यंत जशीच्या तशी पोचते. सगळ्यांकडे एकच नकाशा तयार होतो आणि त्यावर जो तो डायक्स्ट्राच्या १९५९ सालच्या अल्गोरिदमने आपले रस्ते काढतो. मला हा प्रोटोकॉल आवडतो तो यासाठीच.

म्हणून मी थेट एलएसएंचा डेटाबेस उघडला. शांत नेटवर्कमध्ये एलएसए दर ३० मिनिटांनी नव्याने येतो, त्यामुळे त्यांची वयं शून्यापासून १८०० सेकंदांपर्यंत पसरलेली दिसतात. इथे एकाच एलएसएचं वय दोन आकड्यांत जाईना. सीक्वेन्स नंबर, म्हणजे कोणती प्रत नवी हे सांगणारा आकडा, मात्र डोळ्यांदेखत चढत होता. त्याच आयडीखाली कधी पहिल्या शाखेच्या लिंक दिसत, कधी दुसरीच्या.

नव्या शाखेचा राउटर जुन्याचं कॉन्फिग कॉपी करून उभा केला होता. लूपबॅकचा (राउटरच्या आतल्या काल्पनिक पोर्टचा) पत्ता बदलला, राउटर-आयडीची ओळ तशीच राहिली. दोघे एकमेकांचे थेट शेजारी नसल्यामुळे शेजारसंबंध बिघडले नाहीत. पण आपल्याच नावाचा, आपण न पाठवलेला नवा एलएसए आला की राउटरने त्याहून वरचा नंबर लावून आपली माहिती पुन्हा पाठवायची, असा नियम आहे. दोघेही तो इमाने पाळत होते. एकच एलएसए पुन्हा काढायला किमान ५ सेकंदांचं अंतर ठेवावं लागतं, म्हणून भांडण त्या चालीने चाललं होतं. एकाची माहिती वर असताना दुसऱ्याचे शेजारी 'आमची त्याच्याशी लिंक आहे' म्हणत, पण उलट बाजूने दुजोरा मिळत नसे. दोन्ही टोकांनी सांगितल्याशिवाय हिशेबात लिंक धरली जात नाही. शाखा गायब.

२७ ऑक्टोबर १९८० ला इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट याच जातीच्या बिघाडाने कित्येक तास बंद पडलं होतं. मेमरीतले बिट गळून एकाच नोडच्या अपडेटचे तीन सीक्वेन्स नंबर झाले आणि प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा नवा ठरत राहिला. ओएसपीएफने नंबर सरळ चढते ठेवून तो फेरा तोडला. आयडी एकमेव असेल, हे मात्र त्याला गृहीतच धरावं लागतं.

चीड आणणारी गोष्ट अशी, की राउटर स्वतःच ओरडून सांगत होता. डुप्लिकेट आयडीचा इशारा लॉगमध्ये सारखा पडत होता, पण चौथ्या पातळीचा; आकडा जितका लहान तितका संदेश गंभीर. आमच्या मॉनिटरिंगला तिसऱ्यापर्यंतचेच संदेश जातात. गर्दी नको म्हणून कुणीतरी तशी गाळणी लावली आणि ती कधी तपासलीच नाही.

आयडी बदलून ओएसपीएफ प्रोसेस रीसेट केली आणि काही सेकंदांत दोन्ही शाखा स्थिर झाल्या. नंतर मी सगळे आयडी पडताळले, तर वेगवेगळ्या एरियांत आणखी एक जोडी सापडली. राउटरचा एलएसए एरियाबाहेर जात नाही, म्हणून तिथे आज काही बिघडत नाही. पण उद्या त्यातल्या एकाने बाहेरचे रूट आत आणले, तर तो एलएसए सगळ्या एरियांत फिरेल. दुसरा राउटर तो स्वतःचाच जुना समजेल आणि वय कमाल करून पुसत बसेल. हे मी लिहून दिलंय. 'चालू आहे ना, मग डाउनटाइम कशाला?' असं उत्तर आलंय. मी पुन्हा मागणी टाकली आहे.