आज जेवायला कोणाकडे?

बहुतेक व्हिडिओ गेममध्ये जेवण म्हणजे औषधाचा डोस. अंगात चार बाण रुतलेत, समोर राक्षस उभा आहे, आणि आपण लढाई तिथल्या तिथे थांबवून पिशवीतली अख्खी भाजलेली कोंबडी, दहा सफरचंदं आणि चीजचा एक भलाथोरला गोळा एका दमात संपवतो. तब्येतीची लाल पट्टी भरते, की पुन्हा तलवार हातात. कोणी रांधलं, कोणी वाढलं, शेजारी कोण बसलं होतं, याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. मला या प्रकाराचं हसू यायचं, पण वावगं कधी वाटलं नव्हतं. 'पेंटिमेंट' खेळले आणि वाटायला लागलं.

ऑब्सिडियन या अमेरिकन स्टुडिओने हा गेम नोव्हेंबर २०२२ मध्ये आणला. त्याचा दिग्दर्शक जॉश सॉयर. त्याच्या नावावर 'फॉलआउट: न्यू व्हेगस'सारखा बंदुकांचा दणदणाट असलेला मोठा गेम आहे, पण मुळात हा माणूस इतिहासाचा पदवीधर. स्वतःचं नाव झाल्यावर त्याने जेमतेम डझनभर माणसं हाताशी धरली आणि सोळाव्या शतकातल्या बव्हेरियावर, म्हणजे आजच्या जर्मनीच्या दक्षिणेकडच्या प्रदेशावर, एक गेम करून टाकला. त्यात लढाया नाहीत. राक्षस नाहीत. आपण आंद्रेआस मालर नावाचा एक तरुण चित्रकार असतो. मूळचा न्यूर्नबर्गचा, अजून उस्ताद न झालेला, आल्प्सच्या पायथ्याशी टासिंग नावाच्या गावात उतरलेला. गाव काल्पनिक आहे. डोंगरावर मठ आहे, तिथल्या लेखनशाळेत बसून तो हस्तलिखितांवर चित्रं रंगवतो आणि मुक्काम खाली एका शेतकऱ्याच्या घरी. साल १५१८. चर्चला आव्हान देणारे मार्टिन ल्यूथरचे प्रबंध येऊन एक वर्ष झालंय, छापखाना येऊन साठेक वर्षं. हाताने पोथ्या लिहिण्याचा धंदा शेवटचे श्वास मोजतोय, आणि हे त्या मठातल्या म्हाताऱ्या लेखनिकांनाही पुरतं ठाऊक आहे.

मग खून होतो. गावात आलेला एक सरदार मठात मारला जातो आणि आळ येतो आंद्रेआसच्या गुरूवर, वृद्ध ब्रदर पिएरोवर. न्यायनिवाडा करायला चर्चचा मोठा अधिकारी येणार आहे. तो यायच्या आत आपण दुसरा कोणीतरी संशयित उभा करायचा, नाहीतर म्हातारा जातो.

इथवर नेहमीचीच रहस्यकथा. गंमत पुढे आहे. हातात दिवस मोजके, आणि ते खर्च होतात माणसांबरोबर बसण्यात. दुपार झाली की प्रश्न पडतो, आज जेवायला कोणाकडे? मठातल्या भिक्षूंच्या पंगतीला बसायचं, की गवंड्याच्या घरी, की एकट्या विधवेच्या झोपडीत? एकाकडे गेलात की दुसरीकडची चूल विझली. जेवण झालं, वेळ सरली, जे तिकडे बोललं गेलं असतं ते कायमचं राहून गेलं. तपास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भिंग आणि पावलांचे ठसे येतात. इथे तपास म्हणजे भाकरी मोडणं.

जेवणाचा प्रसंग आला की टेबल जवळून दिसतं. काळी भाकरी, चीज, लाकडी वाडग्यात काहीतरी शिजवलेलं. त्यातला एकेक घास आपण निवडायचा, तो उचलला की बोलणं एक पाऊल पुढे. म्हणजे गप्पांची गती घासाच्या गतीने. घाई करता येत नाही. या वेगाला कंटाळून गेम अर्ध्यावर सोडलेली माणसं मला माहीत आहेत आणि मी त्यांना दोष देत नाही. पण त्या संथपणातच कळतं, कोणाच्या ताटात काय आहे, घरधनी आधी खातो की पोरं, पाहुण्यापुढे काय सरकवलं जातं आणि स्वतःसाठी काय मागे ठेवलं जातं. इतिहासाच्या पुस्तकात 'शेतकरीवर्गाची आर्थिक स्थिती' अशा मथळ्याखाली जे येतं ते इथे पोटात जातं.

आणि मग ती अडचण येते. खाल्ल्या मिठाला जागावं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. त्या विधवेचं, ऑटिलियाचं, उदाहरण घ्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, तिच्या पश्चात घर मठाच्या घशात जाणार हे ठरलेलं. तोंडाने फटकळ, देवावर चिडलेली. सरदारावर तिचा जुना दात. म्हणजे संशयित म्हणून अगदी सोयीची. तिच्या बाजूने बोलणारं गावात फारसं कोणी नाही. पण तिच्याकडे बसून, तिचं ऐकून झाल्यावर अधिकाऱ्यापुढे उभं राहून तिचं नाव घ्यायचं म्हणजे जिभेला लाकूड बांधल्यासारखं होतं. आणि ज्यांच्या घरी गेलोच नाही त्यांचं नाव घेणं केवढं सोपं! माझं बोट, माझ्याही नकळत, ज्याच्याशी माझं दोन वाक्यांपलीकडे बोलणं झालं नव्हतं अशा माणसाकडे वळत होतं. पुरावा त्याच्याविरुद्धही होताच. सगळ्यांविरुद्ध थोडाथोडा आहे. पुरेसा कोणाविरुद्धच नाही, आणि गेम शेवटपर्यंत सांगत नाही की खरा खुनी कोण.

यावर चिडणारे खूप आहेत. रहस्यकथेत उत्तर नाही म्हणजे फसवणूक, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. १५१८ मधल्या एका खेड्यात बोटांचे ठसे कोण घेणार होतं? तिथे माणूस दोषी ठरायचा तो कुजबुजीवर, वैरावर, आणि वेळेवर त्याच्या बाजूने कोणी बोललं की नाही यावर. सॉयरने तेवढंच आपल्या हातात दिलंय.

गेममध्ये भूमिका घडवायच्या म्हणजे एरवी ताकद, चपळाई, जादू यांचे आकडे वाढवत बसायचं. इथे विचारतात, तरुणपणी तू भटकलास कुठे? इटलीत, फ्लँडर्समध्ये की बाझलला? विद्यापीठात काय शिकलास? लॅटिन, तर्कशास्त्र, वक्तृत्व की गूढविद्या? त्यावर ठरतं, कुठला शिलालेख वाचता येईल, कोणाशी त्याच्या भाषेत चार शब्द बोलता येतील. आकडे वाढत बिढत नाहीत. उलट तोंडातून गेलेला शब्दच हिशेबात धरला जातो. एखाद्याला काही पटवून द्यायची वेळ आली की पडद्यावर अक्षरशः यादी येते. तू मागे असं म्हणाला होतास, हे त्याला आवडलं होतं. तसं म्हणाला होतास, ते त्याला लागलं होतं. बेरीज वजाबाकी होऊन तो ऐकतो किंवा ऐकत नाही. सहज मारलेला टोमणा तीन दिवसांनी असा समोर येऊन बसला की चरफडायला होतं. प्रत्यक्षातल्या नातेवाइकांनी अशी यादी दाखवायची सोय ठेवली असती तर फार कटकटी वाचल्या असत्या.

या गेममध्ये पात्रांना आवाज नाहीत. सगळे बोलतात ते लिहून. बोरू कागदावर घासल्याचा आवाज येतो आणि फुग्यात अक्षरं उमटत जातात. प्रत्येकाचं वळण वेगळं. भिक्षूंचं टोकदार, ठाशीव, जुन्या पोथीतलं. शिकल्यासवरल्यांचं इटालियन धाटणीचं, मोकळं आणि डौलदार. शेतकऱ्यांचं ओबडधोबड, घाईत ओढल्यासारखं. छापखानेवाल्याच्या घरची माणसं बोलली की आधी खिळे जुळतात आणि मग ठप्पा बसून वाक्य छापून येतं. ही वळणं लेटरमॅटिक नावाच्या संस्थेने घडवली. लिहिता लिहिता चुका होतात, चुकलेला शब्द आपल्या डोळ्यांदेखत खोडून दुरुस्त होतो. माणूस चिडला की शाई उडते. देवाचं नाव आलं की तिथे आधी जागा सोडली जाते आणि बाकीचं वाक्य झाल्यावर तो शब्द लाल शाईने भरला जातो. मी पहिले काही तास मजकूर कमी वाचला आणि ती लाल शाई कधी येते याच्यावरच जास्त डोळा ठेवला.

पण खरी मेख अशी, की हे अक्षर त्या माणसाचं नसतं. आंद्रेआसला तो माणूस जसा वाटतो, तसं ते असतं. मळक्या कपड्यातल्या कोणाला त्याने अडाणी धरलेलं असतं, म्हणून त्याचं बोलणं गिचमिड अक्षरात येतं. मग गप्पांच्या ओघात कळतं की हा तर वाचणारा माणूस आहे, आणि पुढच्याच वाक्याला अक्षर सुधारतं! माणूस तोच, टेबल तेच. आपण मनात केलेली प्रतवारी अशी उघड्यावर पडलेली मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिली नाही. ज्यांच्याकडे आपण जेवायला बसलोच नाही त्यांचं अक्षर अर्थातच कधी सुधारत नाही.

(ज्यांना ही वळणं वाचायला जड जातात त्यांच्यासाठी साध्या अक्षरांची सोय सेटिंगमध्ये आहे. जरूर वापरावी, उगाच डोळे फोडून घेऊ नयेत.)

दुसरा भाग सात वर्षांनी, १५२५ मध्ये. जर्मन इतिहासात हे शेतकऱ्यांच्या बंडाचं वर्ष. त्या मार्चमध्ये मेमिंगेन शहरात शेतकऱ्यांनी आपल्या बारा मागण्या लिहून काढल्या. आपला धर्मगुरू आपण निवडू, वेठबिगारी बंद करा, जंगलातलं लाकूड आणि नदीतले मासे सगळ्यांचे. त्या छापल्या गेल्या आणि बघता बघता सगळीकडे पोचल्या. त्याच छापखान्याची करामत. पण टासिंगमध्ये हे बंड मागण्यांच्या कागदावर आधी दिसत नाही. ते ताटात दिसतं. मठाधिपतीने कर वाढवलेत, जंगलात जायला बंदी केलीय. मागच्या खेपेला ज्या घरात भरल्या टेबलाशी बसलो होतो तिथे आता कमी आहे, आणि तरीही पाहुण्याला आग्रह आहेच. काही खुर्च्या रिकाम्या आहेत. मागल्या खेपेला आपल्या शब्दावर ज्याची मान गेली, त्याच्या माणसांशीही गाठ पडते. ती लगेच आरडाओरडा करत नाहीत. बोलतात, पण जेवायला या म्हणत नाहीत.

त्या बंडाचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. मे महिन्यात फ्रांकेनहाउझनला सरदारांच्या फौजांनी शेतकऱ्यांची कत्तल केली, आणि त्या सगळ्या धुमश्चक्रीत मेलेल्यांचा अंदाज लाखाच्या घरात सांगतात. टासिंगचं काय होतं ते इथे सांगणार नाही. ज्यांना खेळायचंय त्यांनी खेळावं. एवढंच सांगते, की लाख हा आकडा मी आधीही वाचलेला होता आणि त्याने माझं काही बिघडलं नव्हतं. एका घरातली चार नावं तोंडपाठ झाल्यावर मात्र तो आकडा वाचवेना.

तिसऱ्या भागात साल १५४३. आता आपण माग्दालेना असतो, छापखानेवाल्याची मुलगी. गावाच्या कचेरीच्या भिंतीवर टासिंगचा इतिहास रंगवायचं काम अंगावर आलंय. ती वही घेऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत फिरते, आणि प्रत्येक जण वेगळंच सांगतो. बंडाचं चित्र काढायचं की नाही? काढलं तर कोणाची बाजू? मरून गेलेल्यांत कोणाला चेहरा द्यायचा? भिंत तर एकच आहे. हा भाग मला सुरुवातीला रेंगाळलेला वाटला, खुनाबिनाची घाई नाही म्हणून असेल. मग लक्षात आलं, की तिचंही काम आंद्रेआससारखंच आहे. जो दार उघडतो, बसवून घेतो, त्याची गोष्ट भिंतीवर जाण्याची शक्यता जास्त.

माझ्या एका मित्रानेही हा गेम पुरा केला. भेटलो की आमचं भांडण ठरलेलं, सरदाराला मारलं कोणी? तो छातीठोकपणे सांगतो, गवंडीच. पुराव्याचे चार मुद्दे बोटांवर मोजून दाखवतो. मी ऐकून घेते आणि विचारते, तू त्या गवंड्याच्या घरी कितीदा जेवलास? तो म्हणतो, एकदाही नाही, वेळच कुठे होता, मी तर सगळा वेळ मठात होतो. मग तो मला विचारतो, आणि तू? तू मठातल्या प्रायरचं, म्हणजे मठाधिपतीच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं, नाव घेतलंस ना, त्याच्याकडे कधी बसलीस? यावर मी त्याला विषय बदलू नकोस म्हणते.